पैनगंगेवरचं नेमकं कोणतं धरण?

‘आदिलाबाद म्हणजे गोदाकाठचा जिल्हा, बासरची सरस्वती तिथलीच,’ असं महाराष्ट्रातून दर्शनाला जाणारे अजूनही सांगतात. 11 ऑक्टोबर 2016 ला जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. बासर निर्मलमध्ये गेलं आणि आजच्या आदिलाबादला गोदावरी कुठेच शिवत नाही. केसलापूरच्या नागोबा जत्रेसाठी मेसराम कुळातले गोंड जन्नारमजवळच्या हस्तिनमडुगूहून पायी गोदाजल आणतात. ती जागाही आता मंचेरियाल जिल्ह्यात आहे.

आदिलाबादची नदी पैनगंगा. बुलढाण्यात अजिंठ्याच्या डोंगरात ती उगम पावते आणि इथे महाराष्ट्र आणि तेलंगणाची सीमा होते. ती थेट गोदावरीला मिळत नाही. आधी वर्धेला मिळते, मग वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते आणि ती कालेश्वरमला गोदावरीत जाते. (पैनगंगा-वैनगंगेची सरमिसळ करणाऱ्यांसाठी: वैनगंगा मध्य प्रदेशातून येते.) कुंटाला धबधबाही पैनगंगेचा नव्हे, कडेम नदीचा. पैनगंगेचा तो सहस्रकुंड.

खरा घोळ आहे ‘तेलंगणाच्या धरणा’चा. 23 ऑगस्ट 2016 ला मुंबईत दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी मेडीगड्डा, तुम्मिडीहट्टी आणि चनाका-कोरटा या बॅरेजच्या करारांवर एकाच दिवशी सह्या केल्या. तेव्हापासून लोक सगळ्यांना एकाच माळेत ओवतात. सिरोंच्याच्या शेतकऱ्यांचं बुडिताचं गाऱ्हाणं मेडीगड्ड्याचं आहे. तो बॅरेज गोदावरीवर, प्राणहितेच्या संगमाच्या खाली आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये खांब खचले तेही तिथलेच. चनाका-कोरटा पैनगंगेवर आहे. पाणी दारं टाकून पात्रातच अडवायचं आणि पंपांनी उचलून जैनथ, बेला भागातल्या शेतांना द्यायचं, एवढंच त्याचं काम.

‘तेलंगणासाठी आमची गावं बुडणार’ हे वाक्य ज्याच्याबद्दल ऐकू येतं, ते निम्न पैनगंगा धरण वेगळंच. ते चनाका-कोरट्याच्या बरंच वर, यवतमाळ-नांदेडच्या हद्दीवरचं. त्याची मुळं 6 ऑक्टोबर 1975 च्या महाराष्ट्र-आंध्र करारात आहेत, म्हणजे तेलंगण राज्य होण्याच्या कितीतरी आधीची. पाण्याची वाटणी 88 आणि 12 टक्के अशी ठरली आहे, आणि त्यातले 88 महाराष्ट्राचे. काठच्या गावांची बुडिताची भीती मात्र खरी आहे. धरणविरोधी आंदोलन उगाच उभं राहिलेलं नाही. पण प्रकल्प महाराष्ट्राचा, मोठा वाटाही महाराष्ट्राचा. तेव्हा जाब विचारायचा तो मुंबईला.