धुक्यातला दिवा: जास्त नको, नेमका हवा

दिवाळी सरली, की रायगडच्या किनाऱ्यावरच्या किहीमच्या रस्त्यावर दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात: मुंबई-पुण्याहून येणाऱ्या गाड्यांची रीघ आणि पहाटेचं धुकं. ट्रॅफिक टाळायचं म्हणून माणसं पहाटे चार-पाचला निघतात आणि धुकं सर्वांत दाट असतं नेमक्या त्याच वेळी पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड या पट्ट्यात येऊन पोहोचतात. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि आता कितीतरी गाड्या खाडीला वळसा न घालता थेट मांडव्याला उतरतात. पण तिथून चोंढीमार्गे किहीमला येणारा रस्ताही शेतं आणि वाड्यांमधूनच जातो. पायी चालणारे, सायकलवाले, दुधाच्या मोटारसायकली आणि मासळी घेऊन निघालेल्या बायका, सगळे त्याच अरुंद डांबरावर असतात.

अशा वेळी गाडीत फॉग लॅम्प नावाचा एक दिवा हाताशी असतो. बहुतेकजण तो एक तर कधीच लावत नाहीत किंवा कधीच विझवत नाहीत. दोन्ही सवयी धोक्याच्या आहेत. हा दिवा काय करतो हे नीट समजलं, तर तो केव्हा लावायचा हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

धुकं धरतं कुठे

भातकापणी झाली तरी रायगडच्या शेतांत ओल टिकून असते. वालाचं पीक याच ओलीवर आणि रात्रीच्या दवावर पोसतं. निरभ्र आकाशाच्या लांबलचक रात्री जमीन आपली उष्णता भराभर वर सोडते, तिला लागून असलेली दमट हवा थंडावते आणि वारा पडलेला असला, की हवेतल्या बाष्पाचे बारीक थेंब होऊन तरंगू लागतात. हे थेंब साधारणपणे काही मायक्रॉनपासून काही दशक मायक्रॉनपर्यंतचे असतात, म्हणजे बहुतेक केसाच्या जाडीहून लहान. त्यांच्यामुळे १ किलोमीटरच्या आतलंच दिसू लागलं, तर हवामानशास्त्र त्याला धुकं म्हणतं.

समुद्राचं पाणी मात्र रात्रीतून फारसं थंड होत नाही. म्हणून किहीमच्या पुळणीवर उभं राहिलं तर समोर बऱ्यापैकी मोकळं दिसतं, आणि सुरूच्या बनामागे शेतांत शिरावं तर पांढरा पडदा. खोलगट जागा, तळी, खाजणं आणि खाडीकाठची खारजमीन इथे धुकं आधी धरतं आणि उशिरा सुटतं. त्यामुळे एका वळणापर्यंत लख्ख दिसणारा रस्ता पुढच्याच उतारावर नाहीसा होऊ शकतो.

पावसाळ्यातली गोष्ट निराळी. पुण्याकडून येताना बोरघाटात जे दाटून येतं ते डोंगराला टेकलेले ढगच असतात. शिवाय मुसळधार पाऊस आणि ट्रकच्या चाकांमागे उडणारा पाण्याचा फवारा. उन्हाळ्याच्या तोंडावर भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात, त्याचा धूर संध्याकाळच्या पडल्या हवेत रस्त्यावर रेंगाळतो. कारण कोणतंही असो, चालकापुढचा प्रश्न तोच: पुढचं दिसत नाही.

प्रकाश परत का येतो

दिसत नाही म्हटल्यावर हात आपोआप अप्परकडे जातो. अप्पर मारला, की समोर पांढरी भिंत उभी राहते आणि आधी दिसत होतं तेही जातं. मच्छरदाणीत बसून बाहेर टॉर्च मारला की जाळीच उजळते आणि पलीकडची खोली दिसेनाशी होते, तसंच हे.

यामागचं गणित सोपं आहे. हवामानशास्त्रात दृश्यता १०० मीटर म्हणतात, तेव्हा त्याचा अर्थ असा की १०० मीटर जाईपर्यंत प्रकाशाचा फक्त ५ टक्के भाग सरळ वाटेवर शिल्लक राहतो. बाकीचा थेंबांवर आपटून इकडेतिकडे विखुरतो. आता हेडलाइटचा प्रकाश १०० मीटरवरच्या बैलगाडीपर्यंत गेला, तिथून परतला आणि आपल्या डोळ्यांत आला, तर तो धुक्यातून दोनदा गेला. ५ टक्क्यांचे ५ टक्के म्हणजे पाव टक्का. चारशे भागांतला एक भाग. आणि वाटेतल्या थेंबांवरून उलटा डोळ्यांत येणारा प्रकाश त्याहून कितीतरी जास्त. त्या झगमगाटात बैलगाडी बुडून जाते.

दिव्याचा जोर दुप्पट केला तर बैलगाडीवरून येणारा प्रकाश दुप्पट होतो, पण धुक्याची झगमगही तितक्याच पटीने वाढते. दोहोंमधलं प्रमाण आहे तसंच राहतं. म्हणून धुक्यात जोरदार दिवा कामाचा नाही. प्रकाश कुठे पडतो, यावर सगळं अवलंबून असतं.

फॉग लॅम्पची रचना

पुढचा फॉग लॅम्प बंपरमध्ये खाली बसवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत मोटारीसाठी त्याची उंची जमिनीपासून २५ ते ८० सेंटिमीटरच्या दरम्यान ठरवून दिली आहे आणि तो डिपरच्या दिव्यापेक्षा वर असता कामा नये अशी अट आहे. भारतातली मानकंही याच नियमांच्या वळणावर बेतलेली आहेत.

त्याच्या झोताची दोन वैशिष्ट्यं आहेत. पहिलं म्हणजे झोताची वरची कड सुरीने कापल्यासारखी आडवी आणि सरळ असते. डिपरच्या झोताला आपल्याकडे डाव्या बाजूला चढ दिलेला असतो, म्हणजे लांबवरच्या पाट्या आणि साइडपट्टी दिसावी. धुक्यात तो वर जाणारा प्रकाशच आड येतो, म्हणून फॉग लॅम्पमध्ये तो चढ नसतो. दुसरं म्हणजे हा झोत फार रुंद असतो. रस्त्याच्या दोन्ही कडा, पांढरी रेघ, मोरीचा कठडा, कडेने चालणारा माणूस हे सगळं जवळच्या जवळ उजळतं.

दिवा खाली असण्याचा फायदा असा, की आपली नजर वरून जाते आणि प्रकाश खालून. दोन्ही वाटा एकमेकींपासून दूर राहिल्या, की नजरेच्या रेषेतले थेंब कमी उजळतात आणि झगमग कमी होते. धुकं जमिनीपासून हातभर वर तरंगतं आणि त्याखालच्या मोकळ्या हवेतून फॉग लॅम्पचा प्रकाश जातो, असं पुष्कळदा सांगितलं जातं. पण शेतातलं हिवाळी धुकं तर जमिनीलगतच जास्त दाट असतं. तेव्हा श्रेय मोकळ्या पट्ट्याचं नाही, झोत आणि नजर यांच्यातल्या अंतराचं आहे.

पिवळा की पांढरा

पिवळा प्रकाश धुकं भेदतो, हा समज जुना आहे. हवेच्या रेणूंवरून निळा प्रकाश जास्त विखुरतो म्हणून आकाश निळं दिसतं, हे खरं. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात आणि ते सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. म्हणूनच धुकं पांढरं दिसतं. पिवळ्याला त्यातून वेगळी वाट मिळत नाही.

तरीही पिवळ्या दिव्यात तथ्य आहे, ते डोळ्यांच्या बाजूने. निळसर प्रकाश डोळ्यांना जास्त खुपतो, तो गाळला की झगमग थोडी सुसह्य होते. फ्रान्समध्ये १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३ पर्यंत हेडलाइटसुद्धा पिवळेच असावेत असा नियम होता. आज पुढचा फॉग लॅम्प पांढरा किंवा पिवळा, दोन्ही चालतो. बाजारात मिळणारे निळसर झाकीचे प्रखर दिवे मात्र धुक्यासाठी सर्वांत वाईट. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडी बल्ब कोंबला, तर प्रकाशाचा उगम जागेवरून हलतो, झोताची कापलेली कड बिघडते आणि फॉग लॅम्पचा मूळ गुणच जातो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश जातो तो वेगळाच.

मागचा लाल दिवा

किहीमच्या किनाऱ्यावरून खांदेरी बेट दिसतं. तिथलं दीपगृह १८६७ सालचं. त्याचा प्रकाश बोटीला खडक दाखवण्यासाठी टाकलेला नाही, ‘मी इथे आहे’ एवढंच तो सांगतो. गाडीचा मागचा फॉग लॅम्प याच जातीचा आहे.

दिसणं आणि दिसून येणं यांत मोठा फरक आहे. आपल्या मागच्या दिव्याचा प्रकाश मागून येणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत जाताना धुक्यातून एकदाच जातो, दोनदा नाही. त्यामुळे तो बराच लांबून दिसू शकतो. साधा टेललॅम्प जेमतेम ४ ते १७ कॅंडेलाचा असतो, तर मागच्या फॉग लॅम्पची तीव्रता संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसार १५० ते ३०० कॅंडेला. मागून ट्रक येत असेल, तर दाट धुक्यात हाच दिवा जीव वाचवतो.

पण तो जवळपास ब्रेकलाइटइतका किंवा त्याहूनही प्रखर असतो, आणि अडचण इथेच आहे. धुकं नसताना तो जळत राहिला, तर मागच्याचे डोळे दिपतात आणि आपण ब्रेक मारल्याचं त्याला चटकन कळत नाही. याच कारणाने तो ब्रेकलाइटपासून किमान १० सेंटिमीटर दूर ठेवावा लागतो. बऱ्याच गाड्यांत तो एकच, आपल्याकडे उजव्या बाजूला असतो. तो बिघाड नाही, रचनाच तशी आहे.

डॅशबोर्डवर पुढच्या फॉग लॅम्पची खूण हिरवी असते, दिव्याच्या तिरक्या रेषांना छेदणारी नागमोडी रेघ. मागच्याची खूण पिवळसर केशरी, आणि त्यातल्या रेषा आडव्या. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला या दोन खुणा ओळखता आल्या पाहिजेत.

केव्हा लावावा, केव्हा विझवावा

ब्रिटनमध्ये दृश्यता साधारण १०० मीटरच्या खाली गेली, की फॉग लॅम्प लावायला परवानगी आहे आणि ती सुधारली की ते विझवणं बंधनकारक आहे. जर्मनीत मागचा फॉग लॅम्प ५० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तरच लावता येतो, आणि तेव्हा वेग ताशी ५० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. आपल्या रस्त्यांनाही हेच माप लागू पडतं. कडेचे विजेचे खांब पाहावेत. दोन-तीन खांबांपलीकडचं दिसत नसेल, तर डिपर आणि पुढचा फॉग लॅम्प. पुढचा खांबही नीट दिसत नसेल, तर मागचाही. मागची गाडी जवळ येऊन रांगेत चालू लागली, म्हणजे तिने आपल्याला पाहिलं आहे, तेव्हा मागचा विझवावा.

नुसत्या अंधारात फॉग लॅम्प लावू नये. जवळचा रस्ता लख्ख उजळला, की डोळे त्या उजेडाला सरावतात आणि लांबचं कमी दिसतं. साध्या पावसातही नको, कारण ओलं डांबर तो खालचा प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत फेकतं. झोडपणाऱ्या पावसात पुढचं दिसेनासं झालं तरच त्याचा उपयोग.

आणखी एक धोका नव्या गाड्यांतला. दिवे ‘ऑटो’वर ठेवले, की ते बाहेरचा उजेड मोजून लागतात. सकाळी आठच्या धुक्यात उजेड भरपूर असतो, म्हणून हेडलाइट लागतच नाहीत. पुढे दिवसाचे छोटे दिवे जळताना दिसतात, त्यामुळे चालक निर्धास्त, पण अनेक गाड्यांत मागे मिट्ट काळोख. धुक्यात डिपर हातानेच लावावा. चारी इंडिकेटर चालू ठेवून गाडी पळवणं हीही चुकीची सवय. गाडी थांबली आहे की चालली आहे आणि वळणार कुठे, काहीच मागच्याला कळत नाही.

दिव्याइतकाच वेग

फॉग लॅम्प ६० सेंटिमीटर उंचीवर असेल आणि त्याचा झोत दर मीटरला २ सेंटिमीटर खाली उतरत असेल, तर झोताची वरची कड ३० मीटरवर जमिनीला टेकते. आता गाडी थांबायला लागणारं अंतर पाहा. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरलं आणि रस्ता ओला धरला, तर ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी सुमारे २९ मीटरवर थांबते. ताशी ६० ला ५३ मीटर लागतात, ८० ला ८३. फॉग लॅम्पच्या उजेडात चालायचं, तर वेग ४०च्या आतच हवा, हे दिव्याची रचनाच सांगते. फॉग लॅम्प लावला म्हणून वेग वाढवणं म्हणजे त्याचा फायदा तिथल्या तिथे घालवणं.

काचही तितकीच महत्त्वाची. मॅक्स प्लँक संस्थेच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं आढळलं, की खऱ्या धुक्यात, म्हणजे लांबचं अंधुक आणि जवळचं स्पष्ट असताना, माणसं वेग कमी करतात. पण काचेला वाफ धरल्यासारखं सगळंच सारखं अंधुक झालं, तर त्यांना वेग कमी भासतो आणि ती जास्त जोरात चालवतात. कोकणच्या दमट हवेत काच धूसर होणं रोजचंच. आतून वाफ धरली तर एसी चालू ठेवून हवा काचेवर सोडावी, एसी हवा कोरडी करतो. बाहेरून धरली तर काच फार गार झाली आहे, तेव्हा गारवा कमी करून वायपर फिरवावा.

पावसाळाभर चिखल खाल्लेल्या फॉग लॅम्पच्या काचा या दिवाळीत घर झाडताना एकदा पुसून घ्या. संध्याकाळी भिंतीसमोर गाडी उभी करून झोताची कड आडवी आणि दिव्याच्या उंचीच्या खाली पडते का, ते पाहा, नसेल तर मेकॅनिककडून बसवून घ्या. मागचा दिवा जळतो का, हे घरातल्या कुणाला तरी मागे उभं करून तपासा. आणि किहीमला निघताना बेत पहाटेचाच असेल, तर एक तास उशिरा निघा. ऊन वर आलं, की शेतातलं धुकं आपोआप विरतं, आणि धुक्यावरचा त्याहून चांगला उपाय कोणत्याही दिव्यात नाही.