डिग्री झालेल्या लेकरासाठी गोधडी : नक्षी कशी ठरवाल?



बाळ जन्मलं की आपण दुपटं शिवतो. लेकीचं लग्न ठरलं की गोधडी शिवतो. पण गटातल्या एखादीची पोरगी डिग्री करून पुण्याला नाहीतर नागपूरला नोकरीसाठी निघाली, की तिच्या हातात पाकीट ठेवतो किंवा भिंतीवरचं घड्याळ देतो. भाड्याच्या खोलीतल्या पहिल्या रात्री घड्याळ काही अंगावर घेता येत नाही. शिकून घराबाहेर पडणं हेही लग्नाइतकंच मोठं निघणं आहे. म्हणून यंदा गटाने मिळून गोधडी द्यायची असेल, तर ती कशी ठरवायची ते पाहू.

काही जणींना वाटेल, जुन्या कापडाची भेट कशी द्यायची? लोक काय म्हणतील? आपण तर वलगावच्या बाया. चिंध्यांची गोधडी अंगावर घेऊन गावोगाव फिरणाऱ्या, "लेकरांना शिकवा" म्हणून कीर्तनातून सांगणाऱ्या गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी आपल्याच वलगावजवळ, पेढी नदीपाशी देह ठेवला. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या अमरावती विद्यापीठालाही पुढे त्यांचंच नाव दिलं गेलं. म्हणजे आपल्या लेकराच्या डिग्रीवर गोधडीवाल्या बाबांचं नाव असतं. ठिगळाची लाज आपण तरी धरू नये.

आधी लेकराला विचारा

नक्षी कागदावर काढायच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या. राहणार कुठे आणि कोणता रंग नको? होस्टेलचा पलंग बहुतेक तीन बाय सहा फुटांचा असतो. तिथे गोधडी बादलीत धुवायची आणि दोरीवर वाळवायची असते. जाड गोधडी ओली झाली की एकटीला पिळता येत नाही. म्हणून चार थरांच्या वर जाऊ नका. मुंबईसारख्या दमट हवेत तर तीनच थर पुरे.

कापडाचा हिशोब

साडी साडेपाच मीटरची, म्हणजे जवळपास १८ फूट. तिचे साडेसात फुटांचे दोन तुकडे केले तरी तीन फूट कापड उरतं. म्हणजे दोन साड्यांत चार थर झाले. रुंदी ४५ इंच मिळते, ती एका माणसाला पुरते. टाके आणि धुणं यात लांबी थोडी आटते, म्हणून अर्धा फूट जास्त धरलं आहे.

सुतीला सुतीच जोडा. सुती कापड आटतं, सिंथेटिक आटत नाही, मग पहिल्याच धुण्यात गोधडीला चुण्या पडतात. सगळं कापड आधी धुऊन खळ काढा. ओला पांढरा रुमाल घासून रंग जातो का ते पाहा. लाल आणि काळ्या कापडाचं हे नक्की करा. जरीचे काठ टोचतात, ते काढून टाका. आजीचं लुगडं घालायचं असेल तर घरच्यांना विचारून घाला. ते विरलेलं असतं, म्हणून आतल्या थरात ठेवा आणि त्याचा एक चांगला तुकडा उशाकडे वरून लावा.

नक्षी कोणती?

डिग्रीची टोपी, पुस्तक, टक्के असं काही काढायचा मोह होतो. टोपी एका दिवसाची असते, गोधडी वीस वर्षं वापरायची. तिच्या ओळखीचं काही काढा : कापसाचं बोंड, पळसाचं फूल, नाहीतर नुसत्या सरळ ओळी. सगळ्या गोधडीभर ठिगळं लावली तर वजनही वाढतं आणि कामही.

आपल्या गटाला शोभेल अशी एक नक्षी सुचवते : सह्यांची गोधडी. गटात आल्यावर आपल्यातल्या कितीतरी जणी अंगठा सोडून सही करायला शिकल्या. तीच सही दोऱ्याने करायची. अमेरिकेतही साधारण १८४० नंतर गाव सोडून दूर जाणाऱ्यांना शेजारणी अशी सह्यांची गोधडी देत असत.

बारा जणींचा गट असेल तर प्रत्येकीने आपल्या फिक्या रंगाच्या सुती साडीतून १० इंचांचा चौकोन कापावा. जिच्याकडे नसेल तिला उरलेल्या तीन फुटांतून द्यावा. तेवढ्यातच बारा चौकोन निघतात. त्यावर पेन्सिलने सही करून साखळी टाक्याने भरा. जी आजही अंगठा लावते, तिला वगळू नका. तिच्या अंगठ्याच्या रेषा मोठ्या करून काढा आणि धावदोऱ्याने भरा. सगळ्या गोधडीत तेच ठिगळ उठून दिसेल.

चौकोनाची कड चारही बाजूंनी अर्धा इंच दुमडली की ९ इंच उरतात. तीन ओळी आडव्यात, चार उभ्यात लावल्या की २७ बाय ३६ इंचांचा पट्टा होतो आणि दोन्ही बाजूंना ९-९ इंच मोकळे राहतात. आधी मधून कडेकडे कच्चा दोरा घाला, म्हणजे थर सरकत नाहीत. मग कडेपासून आत, एकेका बोटाच्या अंतराने धावदोरा घाला. कोपरे आधी फाटतात, तिथे दुहेरी कापड लावा. उत्तर कन्नडातल्या सिद्दी बाया कोपऱ्यावर कापडाची तिकोनी घडी शिवतात, तिला फूल म्हणतात. त्याशिवाय त्यांची गोधडी पुरी होत नाही.

कधी शिवायची, खर्च कुठून?

निकालाची वाट पाहू नका. पावसाळा लागला की धुणं वाळत नाही. चैत-वैशाखातच शिवायला बसा. वर्ष मात्र सगळ्यात शेवटी टाका. एखादा विषय राहिला तरी गोधडी थांबवू नका. ती मेहनतीची भेट आहे, मार्कांची नाही. सुई-दोऱ्याचा खर्च वेगळ्या वर्गणीतून करा, गटाच्या बचतीला हात लावू नका. वर्गणी किती जमली आणि किती खर्च झाली, ते बैठकीच्या वहीत लिहा.

आणि एक. गोधडी झाली की घरातलं कोणीतरी म्हणेलच, "एवढी चांगली झाली, लग्नात देऊ ना बाप्पा!" तेव्हा ऐकू नका. पेटीत ठेवलेल्या गोधडीला कसरच लागते. पोरगी निघेल त्या दिवशी तिच्या बॅगेत ती गेली पाहिजे.

पुढच्या बैठकीत एवढंच ठरवा : यंदा आपल्या गटातल्या कोणाकोणाची लेकरं शेवटच्या वर्षाला आहेत आणि कोणाकडे दोन सुती साड्या निघतील?