बाटली तीच, पिणारे चार

केज तालुक्यातील युसूफ वडगावात, किंवा शेजारच्या कुठल्याही गावात, चार मित्र संध्याकाळी धाब्यावर बसले आहेत असे समजा. चौघांपुढे बिअरची एकेक बाटली आहे. ‘आम्ही दारू पीत नाही, फक्त बिअर घेतो’ असे चौघांचेही म्हणणे. पण चौघांचा स्वभाव वेगळा, पिण्याचे कारण वेगळे आणि म्हणून धोकाही वेगळा.

आधी ‘फक्त बिअर’चा हिशेब पाहू. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असते. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये ते साधारण १० ग्रॅम असते. म्हणजे एक बाटली म्हणजे चार पेग. दोन बाटल्या घेणाऱ्याच्या पोटात एका क्वार्टरपेक्षा जास्त अल्कोहोल जाते. यकृताला बाटलीवरचे नाव वाचता येत नाही.

आता स्वभावाकडे वळू. माणसे का पितात याची चार मुख्य कारणे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिन कूपर यांनी १९९४ मध्ये मांडली. धाब्यावरच्या चौघांना ती बरोबर लागू पडतात.

पहिला बैठकीचा गडी. त्याला गप्पा हव्या असतात, बिअर निमित्त असते. सोबत नसेल तर तो पीत नाही. धोका तुलनेने कमी, पण बैठका वाढल्या की प्रमाणही वाढते.

दुसरा आग्रहाला बळी पडणारा. ‘नको म्हटले तर हे हसतील’ ही त्याची भीती. तरुण मुलांची सुरुवात अनेकदा अशीच होते.

तिसरा मौजेचा भोक्ता. त्याला झिंग हवी असते. एकावर थांबणे त्याला जमत नाही. यकृत बिघडण्याआधी त्याला गाठतो तो अपघात: रात्रीची मोटारसायकल, डोक्यावर हेल्मेट नाही.

चौथा सगळ्यात शांत. सोयाबीनचा भाव पडलेला, कर्जाचा हप्ता थकलेला, घरात ताण. तो विसरण्यासाठी पितो. धोका सर्वांत जास्त यालाच, कारण सकाळी कर्ज तिथेच असते, झोप मोडलेली असते आणि उदासी वाढलेली असते. मग तीच बाटली औषध वाटू लागते. पुढे तो एकटा पिऊ लागतो.

या चौघांत कौतुक होते ते मात्र ‘पचवणाऱ्या’चे. ‘तीन बाटल्या घेऊनही पाऊल वाकडे पडत नाही!’ विज्ञान याच्या उलट सांगते. कॅलिफोर्नियातील मार्क शुकिट यांनी तरुणांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. ज्यांना सुरुवातीला नशा कमी चढते, तेच पुढे व्यसनात अडकण्याची शक्यता जास्त आढळली. शरीर ‘पुरे’ असा इशाराच देत नाही, म्हणून माणूस पीत राहतो. पचवणे हे ताकदीचे नव्हे, धोक्याचे लक्षण आहे.

स्वभाव म्हणजे काही नशीब नव्हे. आजचा बैठकीचा गडी उद्या विसरण्यासाठी पिऊ शकतो. म्हणून प्रत्येकाने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. पिणे कमी करावे असे कधी वाटले का? कोणी टोकले की राग येतो का? पिण्याबद्दल अपराधी वाटते का? सकाळी उठल्याबरोबर घ्यावी लागते का? दोन उत्तरे ‘हो’ असतील तर डॉक्टरांना भेटायला हवे.

एक इशारा महत्त्वाचा. श्रावण लागला म्हणून अनेक जण एका दिवसात बंद करतात. अधूनमधून घेणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही. पण रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली तर काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. पुढे भ्रम झाला तर जिवावर बेतते. घरच्यांनी त्याला भूतबाधा समजून वेळ घालवू नये, थेट रुग्णालय गाठावे. सोडायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यासाठी औषधे आहेत.

जवळच अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. मनावर ताण असेल तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून मोफत बोलता येते. चौथ्या मित्राला बाटली पुढे करण्याऐवजी हा क्रमांक द्यावा आणि ‘काय झालंय रे?’ एवढे तरी विचारावे.