गिलोश : राखणीची नक्षी

चलनी नोट किंवा मुद्रांक डोळ्यांजवळ आणून पाहिला, म्हणजे दुरून सपाट रंगाची वाटणारी जागा वस्तुतः सूक्ष्म रेषांनी विणलेली आहे, असे आढळते. ह्या रेषा एकमेकींना छेदतात, वळतात आणि कोठेही न तुटता पुन्हा आपल्या जागी येतात. ह्या नक्षीला 'गिलोश' असे फ्रेंच नाव आहे. ती शोभिवंत आहे खरी. परंतु शोभा हा तिचा दुय्यम धर्म होय. तिचा पहिला धर्म राखणीचा.

तिचे गणित घरातल्या वस्तूंनी समजते. बांगडीच्या आतल्या कडेने रुपयाएवढी एक चकती न घसरता फिरवली आणि चकतीला मध्यापासून थोड्या अंतरावर भोक पाडून त्यात पेन्सिल धरली, तर कागदावर पाकळ्यांचे फूल उमटते. बांगडीची त्रिज्या, चकतीची त्रिज्या आणि भोकाचे मध्यापासूनचे अंतर, ह्या तीन संख्यांवर सारे फूल अवलंबून असते.

हेच काम पूर्वी कोरणीची यंत्रे दंतचक्रांच्या साह्याने करीत. 1840 साली निघालेल्या जगातील पहिल्या टपाल तिकिटाची, पेनी ब्लॅकची, पार्श्वभूमी अशाच यंत्राने कोरलेली होती. आपल्याकडे नाशिक रोडचे मुद्रणालय 1925 मध्ये सुरू झाले आणि 1928 पासून तेथे नोटाही छापल्या जाऊ लागल्या. असले यंत्र सामान्य कारागिराच्या आवाक्याबाहेरचे, म्हणूनच नक्षीवर भरवसा ठेवता येई.

आज ते यंत्र संगणकात आले आहे. इंकस्केप हा रेखाचित्रांचा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. तो रेषा ठिपक्यांनी न साठवता गणिताने साठवतो. म्हणून आकृती कितीही मोठी केली तरी कडा फाटत नाही. त्याच्या पुरवण्यांमध्ये 'स्पायरोग्राफ' नावाची एक पुरवणी आहे. ती वर सांगितलेल्या तीन संख्याच मागते. कड्याची त्रिज्या 96 आणि चकतीची 52 दिली, तर 13 फेऱ्यांत 24 पाकळ्यांचे फूल पुरे होते. 52 च्या जागी 53 करा. पाकळ्या एकदम 96 होतात आणि फेऱ्या 53! कारण 96 व 52 यांचा मसावि 4 आहे, 96 व 53 यांचा 1. मोठ्या त्रिज्येला मसाविने भागले की पाकळ्या मिळतात, लहानीला भागले की फेऱ्या. 48 दिले, तर मात्र सारे वैभव जाऊन एक लंबवर्तुळ तेवढे उरते. गिलोशसाठीच लिहिलेल्या निराळ्या पुरवण्याही आहेत. दोन सीमारेषा काढून दिल्या, की मधल्या पट्ट्यात त्या लाटांची वीण भरतात.

सावेडीतील एखाद्या छापखान्याला शाळेचे प्रशस्तिपत्र सजवावयाचे असेल, तर त्याने तिसरी संख्या थोडीथोडी बदलून चारपाच फुले एकावर एक ठेवावीत आणि रेषा एक दशांश मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. 600 ठिपक्यांच्या छपाईयंत्रावर एवढ्या रेषेला जेमतेम दोनतीन ठिपके मिळतात. साध्या नकलयंत्रावर ती सहसा तुटते किंवा शेजारणीत मिसळते; नक्कल ओळखू येते ती येथेच. नोटेशी साम्य असलेला कागद करणे हा मात्र भारतीय न्याय संहितेप्रमाणे गुन्हा आहे, हे विसरू नये.

मग यंत्र घरोघर आल्यावर राखण कसली उरली? एका मर्यादेपर्यंत ती त्या तीन संख्यांत उरते. तयार फूल पाहून नेमक्या संख्या, थरांचा क्रम आणि रेषेची जाडी हुडकणे कष्टाचे असते. म्हणून संस्थेने त्या गुप्त ठेवाव्यात. पण तेवढ्यावर विसंबू नये. तेलगी प्रकरणाने हा धडा महाराष्ट्राला महागात शिकविला. मुद्रांकाची नक्षी तेव्हा सोपी झाली नव्हती. नाशिकच्या मुद्रणालयातून निकामी म्हणून लिलावात निघालेली यंत्रेच त्या टोळीच्या हाती पडली होती. खोट्या कागदाचा भुर्दंड बसला तो सरकारी तिजोरीला, आणि तो कागद खरा मानून व्यवहार करणाऱ्यांच्या मनाला घोर लागला तो निराळाच.

तात्पर्य, प्रशस्तिपत्रावर सुंदर गिलोश अवश्य काढावी. पण त्यावर अनुक्रमांक घालावा आणि त्याची नोंद वहीत ठेवावी. नक्षी चोराचे काम अवघड करते; खरेखोटे शेवटी ती वही आणि ती राखणारा माणूसच ठरवितो.