'बंदूक का विकताय?' भारतात या प्रश्नाचं एक उत्तर कायद्यातच आहे

सेकंड हँड बाइक घेतानाही आपण 'का विकताय?' विचारतोच. बंदुकीच्या व्यवहारात या प्रश्नामागे धास्ती असते. नळी झिजलीय का? चाप अडकतो का? की बंदूक एखाद्या गुन्ह्यात वापरलीय?

पण २०१९ नंतर 'कायद्यामुळे विकतोय' हेही खरं उत्तर असू शकतं. त्या वर्षी शस्त्र कायदा बदलला आणि एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं. मूळ विधेयकात तर एकच होती! नेमबाजी करणाऱ्या खेळाडूंना सूट मिळाली, वारशाने आलेल्या बंदुकीला मात्र नाही. म्हणजे तिसरी बंदूक आजोबांची असली, तरी एक सोडणं आलंच. जादाची बंदूक वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती.

खासगी विक्री करायची तर जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. घेणाऱ्याकडेही परवाना हवाच. आणि विकणारा काहीही सांगो, बंदुकीवर कोरलेला नंबर त्याच्या परवान्यावरच्या नंबरशी जुळतो का, हे आधी बघायचं.