शूर्पारक ते वसई-विरार

दक्षिणेला उल्हास नदीची खाडी आणि उत्तरेला वैतरणा, यांच्या मधल्या सपाट किनाऱ्यावर आजचे वसई-विरार पसरले आहे. इथले सर्वांत जुने नगर सोपारा, म्हणजे महाभारतातले आणि बौद्ध जातककथांतले शूर्पारक. पहिल्या शतकातल्या ग्रीक ‘पेरिप्लस’ या सागरी वृत्तान्तातही हे बंदर नोंदलेले आहे. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा इथे १८८२ मध्ये मिळाला, नवव्याचा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला.

१८८२ मध्येच पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरुड राजाचा कोट’ नावाचे टेकाड खणले. आत विटांचा स्तूप निघाला आणि त्याच्या पोटात दगडी करंडा. करंड्यात तांब्याची डबी आणि तिच्याभोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती होत्या. डबीत चांदीची डबी, तिच्यात दगडाची, मग स्फटिकाची आणि सर्वांत आत सोन्याची. त्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे १३ तुकडे होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष मानून जपलेले असावेत, असे इंद्रजींचे मत होते. एवढ्याशा खापरांसाठी पाच आवरणे करणारे नगर किती संपन्न असेल, याची कल्पना त्यावरून येते. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला.

पुढे सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली आणि व्यापार वसईकडे सरकला. गुजरातचा सुलतान बहादूरशाह हुमायूनच्या स्वारीच्या भीतीने अडचणीत असताना, डिसेंबर १५३४ मध्ये त्याने वसई पोर्तुगीजांना दिली. तिच्याबरोबर साष्टी आणि मुंबईची बेटेही गेली. म्हणजे तेव्हा मुंबई हे वसईच्या ताब्यातले किरकोळ ठाणे होते. पोर्तुगीजांनी वसईला आपल्या उत्तरेकडील मुलखाची राजधानी केले. कोटाच्या आत चर्च, मठ आणि सरदारांचे वाडे उभे राहिले. जपानमध्ये १५९७ मध्ये क्रुसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया याच वसईचे. धर्मांतराच्या सक्तीमुळे मात्र भोवतालच्या मुलखात रोष साचत गेला.

मराठ्यांची मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली. आधी ठाणे पडले. वसईचा शेवटचा वेढा १७३९ च्या फेब्रुवारीत बसला. किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी आणि दलदल असल्याने हल्ला जमिनीकडूनच करावा लागे. मराठा सेनापती चिमाजी अप्पांच्या सैन्याने तटाखाली सुरुंग पेरले. काही वेळेवर उडाले नाहीत, माणसे फार पडली. अखेर सान सेबास्तियन बुरुज फुटला आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. अटी उदार होत्या: जाणाऱ्यांना शस्त्रांनिशी जाऊ दिले, राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेला धर्म पाळण्याची मुभा दिली. चर्चमधल्या घंटा देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांतलीच.

याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी पेशवा दुसरा बाजीराव याने इंग्रजांशी तह करून त्यांची फौज पदरी घेतली. पेशवाईचे स्वातंत्र्य इथेच गेले, असे म्हणायला हरकत नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतर किल्ला ओस पडला.

रेल्वे आली ती किल्ल्यापासून काही मैल दूर. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली आणि भाजी, फुले, केळी मुंबईच्या बाजारात जाऊ लागली. या बागायतीच्या पट्ट्यातच सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी ख्रिस्ती यांची कादोडी बोली टिकून राहिली. स्थानकाभोवतीच्या गावांची मात्र नगरे झाली. चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. पश्चिम पट्ट्यातल्या गावांनी आपल्याला महापालिकेतून वगळावे म्हणून दीर्घकाळ आंदोलन केले, ते पाणी आणि शेती वाचवण्यासाठी. वाड्यांमधली बावखले, म्हणजे पावसाचे पाणी धरून विहिरींना पुरवणारी तळी, भराव टाकून बुजवली जात आहेत. पाणथळ जागांवरच्या अशा भरावांमुळेही पुराचे संकट वाढले आहे. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरारच्या वस्त्यांत पाणी साचून राहिले आणि रेल्वेही ठप्प झाली.