इंजिन बंद करणे घरात सर्वांना यावे



इंजिन सुरू करणाऱ्याचा शिवारात रुबाब असतो. हँडल घालायचे, चार फेरे द्यायचे, दांडा टाकायचा आणि फटफट आवाज ओढ्यापलीकडे गेला की बघणारे म्हणतात, गडी तयार आहे. बंद करणाऱ्याकडे मात्र कोणी बघत नाही. कोणी टाकीचा कॉक फिरवून घराकडे निघतो, कोणी दांडा उलटवून फुसफुस करीत इंजिन थांबवतो, तर कोणी डिझेल संपले की आपोआप थांबेल म्हणून सोडून देतो.

माझे सांगणे थोडे वेगळे आहे. इंजिन सुरू करणे घरात एकाला आले तरी शेती अडत नाही. बंद करणे मात्र मळ्यावर वावरणाऱ्या प्रत्येकाला आले पाहिजे. सुनेला, आजीला, शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलालासुद्धा. कारण चालवणारा बहुधा दारे धरायला उसाच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असतो. पट्ट्यात पदर अडकला, पाणी थांबून इंजिन लालबुंद झाले, तर जवळ असतो तो दुसराच कोणीतरी. त्याला बंद करायचा खटका कोठे आहे हेच ठाऊक नसते. म्हणून पहिले काम अगदी स्वस्तातले करा. तो खटका लाल रंगाने रंगवा आणि घरातल्या प्रत्येकाकडून एकेकदा इंजिन बंद करून घ्या.

तुम्ही म्हणाल, आता घरोघर मोटारी आहेत, सौर पंप आले आहेत, जुन्या मशीनची कथा कशाला? पण नदीकाठी, गुऱ्हाळावर, मळणीला, आणि वीज रात्रीचीच मिळते अशा ठिकाणी डिझेल इंजिन अजून चालू आहे. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली. इंग्लंडातल्या लिस्टर कंपनीच्या धर्तीवर राजकोटकडे बनलेली संथ चालीची, दोन मोठ्या चाकांची इंजिनेही आपल्याकडे पुष्कळ आली. यांतली कित्येक आजोबांनी घेतलेली आणि नातू चालवतो आहे अशी आहेत. ती टिकली ती बनावटीमुळे तर खरेच, पण नीट थांबवणारे हात लाभले म्हणूनही.

आता थांबवायचे कसे ते पाहू. आधी भार उतरवावा. पंप जोडलेला असेल तर वर जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह सावकाश बंद करावा. लांब पाइपलाइनमध्ये भरलेले पाणी एकदम मागे आदळले तर पाइप फुटतो, फूटव्हॉल्व्हला दणका बसतो. सावकाश बंद केल्याने हा धक्का टळतो. आपला साधा गरगर फिरणारा पंप व्हॉल्व्ह बंद असताना कमीत कमी ताकद घेतो, म्हणजे इंजिनाचाही भार उतरतो. मळणीयंत्र किंवा चरक असेल तर आत घातलेला माल पूर्ण बाहेर येऊ द्यावा. मग वेग कमी करून इंजिन तीन ते पाच मिनिटे नुसते चालू ठेवावे.

ही पाच मिनिटे वाया जात नाहीत. भारावर चाललेल्या इंजिनाचे डोके, पिस्टन आणि नोझलचे टोक फार तापलेले असते. एकदम थांबवले की भोवती फिरणारे पाणीही त्याच क्षणी थांबते. आतली उष्णता मग जागच्या जागी पाणी उकळवते, पाण्यातला क्षार आतल्या भिंतीला चिकटतो, नोझलवर काजळी धरते, आणि असे रोज झाले की एक दिवस डोक्याला चीर जाते. हळू चालताना पाणी फिरत राहते आणि उष्णता शांतपणे बाहेर पडते. मात्र पाचाची तीस मिनिटे करू नका. भार नसताना फार वेळ चालवले तर डिझेल अर्धवट जळते आणि काजळी वाढते.

यानंतर डिझेल पंपाजवळचा बंद करण्याचा खटका ओढून धरावा. इंजिन पूर्ण थांबेपर्यंत सोडू नये. अर्ध्यावर सोडला तर ते पुन्हा उसळते. टाकीचा कॉक बंद करून इंजिन थांबवण्याची सवय वाईट. नळीतले डिझेल संपते, तिथे हवा शिरते, आणि सकाळी हवा काढत बसावे लागते. हँडल मारताना जो दांडा आपण उलटवतो, त्यानेही बंद करू नये. दाब सुटतो, पण पंप डिझेल फेकतच असतो. ते न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे वंगण धुऊन काढते, आणि घासलेल्या रिंगा मग तुम्ही मिस्त्रीच्या नावावर टाकता. इंजिन खटक्याने थांबल्यावर कॉक बंद केला तर हरकत नाही.

चाक थांबवायला हात, पाय किंवा लाकूड लावू नये. हे सांगायला लागू नये, पण पायतण टेकवून चाक थांबवणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. लिस्टर धर्तीच्या इंजिनाची दोन चाके मिळून दोन क्विंटलच्या वर भरतात. मिनिटाला ६५० फेरे असले तर दोन फूट व्यासाच्या चाकाच्या कडेचा वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या वर जातो. आपोआप थांबेपर्यंत थांबणे हाच त्यावर उपाय. पट्ट्याच्या आणि चाकाच्या बाजूने जाताना बायकांनी पदर कमरेला खोचावा, पुरुषांनी उपरणे आणि मफलर काढून ठेवावे. पट्ट्याभोवती बांबूचे का होईना, कुंपण करावे.

चाके थांबली की हाताने ती थोडी फिरवून जिथे दाब लागतो तिथे आणून ठेवावीत. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, रात्रीची दमट हवा आणि किडे आत जात नाहीत. इंजिन निवल्यावर टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीतल्या हवेचे रात्री पाणी होते आणि तळाला साचते. डिझेल ओतताना बिडी दूर ठेवण्याविषयी जास्त लिहीत नाही.

आता खटका ओढूनही इंजिन थांबले नाही तर? हा प्रसंग क्वचित येतो, पण येतो तेव्हा विचार करायला वेळ नसतो. डिझेल पंपाची पट्टी गंजून किंवा मळाने अडकली, किंवा इंजिनाने स्वतःचेच वंगण तेल ओढून जाळायला सुरुवात केली, तर ते बेफाम पळत सुटते. तेल खुणेच्या वर भरलेले असणे, हवेच्या फिल्टरच्या भांड्यात जादा तेल ओतलेले असणे, रिंगा फार झिजलेल्या असणे ही त्याची कारणे. अशा वेळी डिझेल तोडून उपयोग होईलच असे नाही. इंजिनाची हवा तोडावी लागते. हवा जिथून आत जाते त्या तोंडावर सपाट जाड फळी दाबून धरावी. हात कधीही लावू नये. पातळ फडकेही नको, ते आत ओढले जाते. चाकांच्या समोर उभे राहू नये, बाजूने यावे. पोरेबाळे आधी दूर पिटाळावीत. त्या मापाची एक फळी इंजिनाच्या खोलीत खिळ्याला टांगून ठेवली तर ऐन वेळी शोधाशोध होत नाही.

तापलेल्या इंजिनाविषयीही असेच. पाणी फिरते आहे, पण इंजिन जास्त तापले आहे, असे दिसले तर भार काढून हळू चालवत निववावे. पाणीच बंद पडले असेल तर लगेच थांबवावे आणि मग त्याला हात लावू नये. गरम डोक्यावर थंड पाण्याची बादली ओतली की बिडाला चीर गेलीच समजा. टाकीचे किंवा रेडिएटरचे झाकणही उघडू नये, वाफेने तोंड भाजते.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. पंप खालचे पाणी साधारण सहा-सात मीटरपर्यंतच ओढतो. म्हणून उन्हाळ्यात पाणी खाली गेले की पुष्कळजण इंजिन विहिरीत टप्प्यावर उतरवतात. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो. विहिरीच्या खोलगट जागेत तो साचतो. इंजिन बंद करायला माणूस पायऱ्या उतरून जातो आणि वर येत नाही. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग मुलगा. एकाच घरातली दोन-तीन माणसे अशी एका दुपारी गेल्याच्या बातम्या आपण वाचतो.

कंदील सोडून पाहण्याची आपली जुनी रीत येथे फसवते, हे नीट लक्षात घ्या. प्राणवायू फार कमी झाला असेल तर कंदील विझतो. पण माणूस मरायला पुरेल एवढा हा वायू असतानाही कंदील जळतच राहतो. म्हणून विहिरीत इंजिन उतरवूच नये. वीज असेल तर पाणबुडी मोटार घ्यावी. अगदी नाइलाज असेल तर धुराचा पाइप विहिरीच्या काठाच्या वर, वाऱ्याच्या बाजूला काढावा, त्याचे सांधे फुटके नसावेत, आणि बंद करण्याच्या खटक्याला तार बांधून ती वर आणावी, म्हणजे खाली न उतरता इंजिन थांबवता येईल. डिझेलची टाकी वर ठेवून नळी खाली सोडली असेल तर वरचा कॉकही उपयोगी पडतो. एरवी मी कॉकने बंद करू नका म्हटले, पण येथे हवा काढण्याचा त्रास परवडला. इंजिन थांबल्यावरही लगेच उतरू नये. कोणी खाली पडलेला दिसला तर इंजिन वरून बंद करावे, आरडाओरडा करून माणसे आणि अग्निशमन दल बोलवावे, वरून गळ-दोर टाकून ओढण्याचा प्रयत्न करावा, पण त्याच्यामागे कोणी उतरू नये. जिवाभावाचे माणूस समोर पडलेले असताना हे ऐकणे फार कठीण असते. म्हणूनच ते आज, घरात सगळे बसलेले असताना बोलून ठेवा.

रोजच्या निगेचे थोडक्यात सांगतो. तेलाची पातळी इंजिन थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी, सपाट जागी पाहावी. तेल दुधासारखे दिसले तर पाणी शिरले आहे, तसे चालवू नये. तेल बदलण्याचे तास इंजिनाच्या पुस्तकात असतात, बऱ्याच इंजिनांना ते २५० च्या आसपास असतात. धुळीच्या मळणीत त्याआधीच बदलावे, आणि इंजिन गरम असताना काढावे म्हणजे गाळ बरोबर येतो. काळा धूर म्हणजे भार जास्त किंवा हवा कमी, निळा धूर म्हणजे वंगण जळते आहे. डिझेल एक दिवस स्थिर ठेवून वरचे घ्यावे, तळचे चार बोटे सोडून द्यावे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पिंपात ते साठवू नये, जस्त डिझेलमध्ये उतरते. नोझल बाहेर काढून फवारा तपासताना हात समोर धरू नये. तो फवारा कातडीतून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण त्याच घटकेला दवाखाना गाठावा लागतो.

ट्रॅक्टरवाल्यांनाही यातले बरेच लागू आहे. अवजार जमिनीवर टेकवावे, पीटीओ बंद करावा, गिअर काढून हँडब्रेक ओढावा, मग दोन-तीन मिनिटे हळू चालवून बंद करावे. टर्बो असलेल्या इंजिनात हा वेळ मुळीच चुकवू नये, कारण टर्बोचा दांडा फार वेगाने फिरत असतो आणि इंजिन थांबले की त्याचे तेल थांबते. किल्ली खिशात घालावी, पोरे ट्रॅक्टरवर चढतातच.

पावसाळ्यात इंजिन तीन-चार महिने बसून राहते. ठेवण्याआधी ते गरम करून जुने तेल काढावे आणि नवे भरावे. जुन्या तेलातले आम्ल बेअरिंग खाते. पाणी सोडून द्यावे. दांडा उलटवून हवेच्या तोंडातून चमचाभर तेल घालावे आणि हाताने चार फेरे द्यावेत. पट्टा काढून कोरड्या जागी टांगावा. सायलेन्सरच्या तोंडावर रिकामा डबा उपडा घालावा, नाहीतर कुंभारमाशी तिथे मातीचे घर करते.

दसऱ्यानंतर ते पुन्हा सुरू कराल, तेव्हा हँडल घालण्याआधी लाल खटका मोकळा हलतो की नाही ते पाहा. पावसाळ्यात डिझेल पंपाची पट्टी गंजून अडकली असेल, तर सुरू झालेले इंजिन बंद होणार नाही. अडकली असेल तर मिस्त्रीला बोलवा, तोवर सुरू करू नका. डब्याची आठवण राहावी म्हणून डबा घालतानाच हँडलला एक चिंधी बांधून ठेवा. डबा काढल्यावरच ती चिंधी सोडा.